झोपेच्या पेटीच्या कड्या

एक होती लोहारीण. गोष्ट राजापासून सुरू करा म्हणता? का म्हणून? राजा येईल मागाहून, त्याच्यावाचून काही अडत नाही. आधी लोहारीण. पांघरूण नीट घ्या, पाय आत ओढा, आणि मधे बोलू नका.

तर ह्या लोहारणीचं नाव भिवरा. हाडापेराने मजबूत आणि तोंडाने फटकळ. तिचा नवरा लिंबा. तो बिचारा गरीब गाय. दोघांचं काम असं चाले, की लिंबा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसायचा आणि भिवरा उभी राहून घण मारायची. हो, बाईच घण मारायची. त्यांच्यात तशीच रीत होती. बोलायचं काही नाही. लिंबा नुसती भुवई हलवायचा, आणि भिवराला कळायचं घण कुठं पाडायचा ते.

विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, सगळं करायची ती दोघं. पण खरं नाव होतं ते पेटीच्या कड्यांचं. लग्नात मुलीला लाकडी पेटी देतात ना, सागवानी, चांगली जड, तिच्या दोन अंगांना धरून उचलायला दोन कड्या लागतात. आता भिवराची कडी म्हणजे नुसतं वाकवलेलं लोखंड नव्हे, बरं का. मधे दोरीसारखा पीळ. दोन्ही टोकांना मोराच्या माना. डोक्यावर तुरा. आणि डोळा असा कोरलेला, की मोर आपल्यावर पाळत ठेवून आहे असं वाटावं.

आणि तिची एक रीत होती. कडी लालभडक असतानाच, ज्याची पेटी त्याने तिच्यावर आपल्या हाताने एक घण मारायचा. मग ती नवरी नाजूक का असेना. आईने कोपराला हात लावावा, पण घण मुलीनेच मारायचा. त्या घणाने कडीला जो खड्डा पडे, तो भिवरा कधी घासून काढत नसे. ती म्हणायची, कडीला आपला धनी कळला पाहिजे.

आणि कळायचा. एका गावात एका सासूने सुनेची पेटी आपल्या खोलीत न्यायला काढली. सासूने ओढली, हलेना. दिराने ओढली, हलेना. सासऱ्याने बैल जुंपला, तर बैल खाली बसला. मग सून पाणी भरून आली. तिने हंडा उतरवला, कडीच्या खड्ड्यात अंगठा टेकवला, आणि पेटी एका हाताने उचलून पुन्हा जागेवर ठेवली. त्या घरात पेटीचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

झालं, आता घ्या तुमचा राजा.

त्या मुलखाचा राजा होता आळशी. त्याला दुसरा उठवी, दुसरा आंघोळ घाली, दुसरा घास भरवी. दारात जायचं तरी पालखी. माशी हाकलायला एक माणूस होता, आणि त्या माणसाला माशी दाखवायला आणखी एक. अशा माणसाला झोप कुठून येणार? नाहीच आली. पलंगावर नुसता तळमळे. कूस बदलायलासुद्धा माणसं ठेवली होती, ती बिचारी त्याला इकडून तिकडे उलटत बसायची.

मग एकदा काय झालं, कुठून कोण जाणे एक गारुडी आला, आणि त्याने राजाला एक पेटी दिली. काळ्या लाकडाची, पलंगाएवढी. म्हणाला, दिवेलागणीला हिचं झाकण उघडायचं. झाकणाची करकर जिथवर ऐकू जाईल, तिथवरच्या माणसांची झोप हिच्यात येऊन पडेल. एवढं सांगून गारुडी बक्षीस घेऊन गेला तो गेलाच. असले लोक पुढचं बघायला थांबत नाहीत.

राजाने झाकण उघडायला लावलं. करकर साऱ्या राजधानीत गेली. आणि मग घराघरातून झोप निघाली, पिंजलेल्या कापसासारखी, खिडक्यांतून, कौलांतून, रस्त्याने तरंगत आली आणि पेटीत जाऊन बसली. राजाने झाकण लावलं, मोठं कुलूप घातलं, किल्ली गळ्यात बांधली. मग पेटीवर गादी घालून आडवा झाला.

आली का त्याला झोप? छे. दुसऱ्याची पगडी आपल्या डोक्याला बसत नाही, तर दुसऱ्याची झोप कशी बसेल? पण राजाला वाटलं, झोप कमी पडली. एका शहराच्या झोपेने माझं काय होणार, तो म्हणाला, साऱ्या मुलखाची आणू. पेटी गावोगाव फिरवू.

फिरवू म्हणाला खरा, पण पेटी जागची हलेना. इतक्या माणसांची झोप, जड असायचीच. दोर बांधले, तर दोरच पेंगायला लागले, गाठी सोडून जमिनीवर पसरले. खाली वासे घातले, तर वासे मऊ पडून पडवळासारखे लोंबायला लागले. माणसांनी हात लावला, तर हातांना मुंग्या आल्या. शेवटी प्रधान म्हणाला, घणाखालून गेलेलं लोखंड तेवढं पेंगत नाही. पेटीला कड्या पाहिजेत, आणि कड्या पाहिजेत तर भिवराच्या.

मग प्रधान भिवराच्या गावी गेला. बरोबर जरीचं लुगडं नेलं. भिवराने काम थांबवलं नाही. कड्या करून घ्यायला आलेल्याला ती जे नेहमी विचारायची तेच विचारलं, की पेटीत काय ठेवणार? प्रधानाने खरं ते सांगून टाकलं. त्याची स्वतःचीही झोप त्या पेटीत होती. डोळे तांबारले होते, खोटं बोलायचं त्राण कुठून आणणार?

भिवराने लुगडं परत केलं. म्हणाली, ठिणगी पडली की भोक पडेल, माझ्या कामाचं नाही. आणि निरोप दिला.

"तुमच्या महाराजांना सांगा, झोप पाहिजे तर इथं यायचं आणि दिवसभर माझा भाता ओढायचा. चोरीच्या मालाला मी कडी करत नाही."

भाता म्हणजे काय माहीत आहे ना? कातड्याचा फुगा असतो, तो ओढायचा आणि सोडायचा, म्हणजे विस्तवाला वारा लागतो. खांदे मोडून येतात. राजाला तो निरोप लागला मिरचीसारखा.

मग दुसऱ्यांदा आले ते शिपाई. त्यांचा नाईक होता सटवाजी म्हणून. त्यांनी भिवराचा सगळा कोळसा गाड्यांत भरला आणि नेला. कोळशावाचून लोहार म्हणजे पाण्यावाचून कोळी. भट्टी विझली. राजाला वाटलं, आता येईल नाक घासत. पण गावात घरोघरी भिवराच्या कड्या होत्या ना. त्या घरांतल्या बायांनी आपापल्या चुलीतले कोळसे पाटीत भरले आणि आणून भट्टीत ओतले. कुणी ओंजळभर, कुणी पदरात. शिपायांनी टेकडीवरून मागं वळून पाहिलं, तर भिवराच्या छपरातून धूर निघत होता, आणि घणाचा आवाज येत होता, मुद्दाम जरा जोरात.

तिसऱ्यांदा ते आले आणि लिंबालाच घेऊन गेले.

सटवाजीची मान खाली होती. त्याच्या घरी तान्ही मुलगी होती, झोप नाही म्हणून रडून रडून तिचा आवाज बसला होता. पण हुकूम तो हुकूम. त्याने लिंबाचा दंड धरला. लिंबाच्या हातात सांडशी होती ती तशीच राहिली. जाताना त्याने एकदाच मागं बघितलं आणि भुवई हलवली. भिवराला कळलं. तो सांगत होता, कड्या करू नको.

भिवरा रडली का? रडली असेल, कुणी पाहिलं नाही. लोकांनी पाहिलं ते असं, की तिने ऐरण आणि भाता गाढवावर लादला, घण खांद्यावर टाकला आणि निघाली. वेशीजवळ म्हातारी माणसं म्हणाली, भिवरे, कर बाई त्या कड्या, राजाशी वैर कशाला. ती म्हणाली, मी नवऱ्याला आणायला चालले, कड्या करायला नाही.

मजल दरमजल करत ती राजधानीत पोचली. आणि काय बघते? भर दुपारी सारं शहर जांभया देतंय. परटाने राजाचं धोतर गाढवाला नेसवलंय. हलवाई जिलब्या तळायच्या सोडून पागोटं तळतोय. गवळी म्हशीच्या शेपटीला धरून दूध निघायची वाट बघतोय, आणि म्हैस त्याच्याकडे बघतीये. हसू नका. हसण्यासारखं तेवढंच होतं. बाकी पोरं किरकिरत होती, आया भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि कुणाला कुणाशी नीट बोलायची ताकद नव्हती.

वाड्याच्या चौकात लिंबा बसला होता. आता लिंबाची झोप म्हणजे अशी, की तो एकदा चालत्या गाढवावर झोपला होता आणि गाढवाने त्याला घरी आणून पोचवलं होतं. त्याची झोप काढून घेतलेली. डोळे खोल गेलेले. भिवराला बघून त्याने भुवई हलवायला घेतली, पण दोन्ही भुवया थरथरायला लागल्या. काय सांगतोय तेच तिला कळेना. जन्मात पहिल्यांदा कळेना.

तिथं भिवरा खरी पेटली.

ती सरळ चौकातल्या पेटीपाशी गेली, वर गादीवर राजा तळमळत पडला होता. शिपाई आडवे आले, तिने घण नुसता या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, तर ते बाजूला झाले. तिने पेटीवर तळवा ठेवला. लाकूड उबदार होतं. आत काहीतरी संथ श्वास घेत होतं. मग तिने कान लावला, तर आतून, बरं का, लिंबाचं घोरणं ऐकू आलं.

ती वळली आणि राजाला म्हणाली, "कड्या करते."

लिंबाने कपाळाला हात लावला. राजा खूश झाला. भिवरा पुढे म्हणाली, "पण माझ्या रीतीने. ज्याची पेटी त्याचा घण."

राजा म्हणाला, म्हणजे माझाच की. आणि हसला.

मग चौकात ऐरण मांडली. भट्टी पेटली. लिंबाने सांडशी धरली. भिवराने एक लांब सळई तापवली, घण मारून तिला पीळ घातला, मोरांच्या माना काढल्या, तुरे काढले. लोखंड लालभडक झालं. राजा पालखीतून ऐरणीपाशी आला. दोघांनी त्याला उतरवलं. घण हातात दिला, तर तो घणासकट वाकला.

पहिला घण मारला, तो ऐरणीवर पडला. ठण् झालं आणि राजाच्या दातांना मुंग्या आल्या. दुसरा मारला, तो त्याच्या जोड्याच्या टोकावर पडला. त्याबद्दल तो काय बोलला ते तुम्हाला सांगत नाही. मग प्रधानाने कोपराला हात लावला, आणि तिसरा घण बरोबर कडीवर बसला. मधोमध. साऱ्या चौकाने पाहिला.

आणि कडीवर काही नाही. खड्डा नाही, ओरखडा नाही. लोखंड लोण्यासारखं मऊ होतं हो. त्यावर चिमणी बसली असती तरी पाय उमटले असते. पण राजाचा घण त्याने घेतला नाही.

भिवराने घण काढून घेतला आणि सटवाजीच्या हातात दिला. सटवाजीने एक मारला. असा खड्डा पडला, की त्यात सुपारी राहावी.

राजाचं तोंड काळं ठिक्कर पडलं. म्हणाला, लोखंडच खोटं आहे. प्रधान त्याच्या कानाशी लागला, म्हणाला, महाराज, मारू द्या त्यांना. घण कुणाचाही असो, हुकूम तर तुमचाच. राजाला ते पटलं. म्हणाला, कुणाचाही घण बसवा, पण कड्या पुऱ्या करा. भिवराने त्याला तोंडावर सांगितलं.

"महाराज, नीट ऐका. ज्याचा घण त्याची पेटी. मागाहून म्हणू नका की सांगितलं नाही."

राजा म्हणाला, रीती लोहारांच्या, राज्य माझं.

बरं, म्हणाली भिवरा. मग तिने सगळ्यांना हाक दिली. ज्याची ज्याची झोप पेटीत आहे त्याने यावं. आणि लोक आले. शिपाई आले, पाणके आले, परीट आला, हलवाई आला, गवळी आला. राजाची कूस बदलणारे दोघे आले. म्हाताऱ्या आल्या, त्यांच्या कोपराला नातवंडांनी हात लावला. सटवाजीची बायको तान्ही मुलगी घेऊन आली. मुलीची मूठ घणाच्या दांड्यावर टेकवली, आणि आईने घण टेकवल्यासारखा मारला. तिचाही खड्डा पडला, मुगाएवढा. लिंबाने मारला. प्रधान इकडेतिकडे बघून हळूच आला आणि त्यानेही मारला. लोखंड पुन्हा पुन्हा तापवायचं आणि पुन्हा पुन्हा मारायचं. खड्ड्याला खड्डा लागत गेला, आणि मोराच्या मानेपासून मानेपर्यंत अशी नक्षी उठली, की मोराचा पिसारा म्हणावा. भिवराने तशी नक्षी कधी केली नव्हती. ती एकटीला झालीही नसती.

भिवराने तेवढा स्वतःचा घण मारला नाही. तिची झोप पेटीत नव्हती, मग तिचा धनीपणा कुठला? ती कडी करणारी. तिने त्या सळईच्या दोन कड्या केल्या, पेटीला ठोकल्या आणि बाजूला उभी राहिली.

राजाने हुकूम सोडला, उचला. सटवाजीने एका अंगाने कडी धरली, हलवायाने दुसऱ्या अंगाने धरली. आणि पेटी अशी उचलली गेली, जसं रिकामं सूप. राजाने टाळ्या पिटायला माणूस बोलावला. म्हणाला, चढवा हत्तीवर, पहिली नेऊ ती ह्या लोहारणीच्या गावाला. तिच्या गावची झोप आधी.

सटवाजी हत्तीकडे गेलाच नाही. कडीच्या खड्ड्यात त्याचा अंगठा होता. तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "महाराज, ही आमची आहे."

एवढंच बोलला. मोठ्याने नाही. पण बोलला.

राजा धावला. आयुष्यात पहिल्यांदा धावला असेल. त्याने कडी धरून ओढली, लोंबकळला, पाय झाडले. पेटी त्याच्यासकट चालायला लागली. ही एवढी माणसं कडीला हात लावायला आली, कुणाचं बोट तरी पोचलं, आणि त्यांनी पेटी वाड्याबाहेर काढून बाजाराच्या चौकात आणून ठेवली. प्रधानही मागून कोपऱ्याला हात लावून होता. लिंबाने ऐरण, भाता आणि विस्तव गाढवावरून मागोमाग आणला आणि तिथंच भट्टी मांडली. राजा म्हणाला, नेली तर नेली, कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात आहे. भिवराने घण उचलला. कुलूप एका घणात गेलं. कुणी केलं होतं कोण जाणे, पण केलं होतं कच्चं.

झाकण उघडलं आणि झोप बाहेर आली. कापसाचे पुंजके तरंगायला लागले. आणि प्रत्येक पुंजक्याला आपलं माणूस माहीत होतं. हलवाई कढईशेजारी लवंडला. गवळी म्हशीला टेकून झोपला, आणि म्हैस हलली नाही, शहाणी होती. परीट, पाणके, म्हाताऱ्या, पोरंटोरं, सगळी जिथल्या तिथं. सटवाजी मुलीला छातीवर घेऊन पायरीवर आडवा झाला. मुलीने एक जांभई दिली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिची मूठ सैल पडली. लिंबा ऐरणीला डोकं लावून घोरायला लागला. ते घोरणं भिवराने उभं राहून जरा वेळ ऐकलं.

भर बाजारात आता दोनच माणसं जागी. भिवरा आणि राजा.

राजाने हुकूम देऊन पाहिला. कुणाला देणार? मग तो पेटीत वाकला, कोपरे चाचपले. पेटी रिकामी. तो म्हणाला, ह्यात माझी कुठं आहे? भिवरा म्हणाली, तुमची ह्यात कधी नव्हतीच. राजा मटकन खाली बसला. रडवेला झाला होता. काय करू, म्हणाला. भिवराने भट्टीकडे बोट केलं. विस्तव विझत आला होता, आणि भाता ओढायला जागं कुणी नव्हतं.

"पहिल्याच दिवशी निरोप धाडला होता," ती म्हणाली. "उठा, भाता ओढा."

आणि राजाने भाता ओढला. दुसरं करणार काय? भिवराने पेटीच्या त्या कड्या काढून पुन्हा तापवल्या. तिला त्यांचं पुढं काम होतं. राजा भाता ओढे आणि ती घण मारी. राजाचे हात भरून आले, ती म्हणाली, ओढा. तळव्याला फोड आले, ती म्हणाली, ओढा. त्याने थांबून विचारलं, अजून किती? ती म्हणाली, विस्तवाला विचारा. सूर्य कलला. राजाच्या अंगावर काजळी बसली, मुगुट कुठं पडला त्याला कळलं नाही. आणि दिवेलागणीच्या सुमाराला काय झालं, की भात्यावरचा त्याचा हात हळूहळू थांबला. मान खाली आली. राजा राखेच्या ढिगावर कलंडला आणि घोरायला लागला. स्वतःच्या झोपेने.

भिवराने रिकामी पेटी गाढवापुढे ठेवली. गाढवाला चांगली गव्हाण झाली. आणि त्या कड्यांचं तिने काय केलं म्हणाल, तर तोडून त्यांच्या लहान लहान कड्या केल्या, पाळणे टांगायच्या. शहरात जितकी घरं होती तितक्यांना वाटल्या. मुगाएवढा खड्डा होता ती सटवाजीच्या घरी गेली. मग ती गाढव, ऐरण आणि नवरा घेऊन आपल्या गावी आली. लिंबा वाटभर झोपला होता.

राजा पुढे रोज सकाळी लोहारशाळेत जाऊन भाता ओढायचा, म्हणतात. त्याला ओढायला लावायला कुणी माणूस ठेवावा लागला नाही. सगळे सुखाने राहिले. आपण पण राहू.

त्यातली एक कडी फिरत फिरत ह्या घरी आली, त्या तुळईला आहे ती. तुमचा बाप तिच्याखाली झोपला, तुम्हीही झोपलात. उद्या उजेडात बोट लावून बघा, खड्डा आहे. आता मिटा डोळे. आणि एकमेकांचं पांघरूण ओढू नका. ज्याची झोप त्याने घ्यायची.